परवान्यास अपात्र

स्लावकोव्ह, टेक्सस
१२ फेब्रुवारी १९९६

ती. व्लास्ताताईस,
सा. न. वि. वि.

प्रभूच्या कृपेने इकडे सर्व क्षेम, असं पहिल्या ओळीत लिहायची सवय आपल्याला मठाच्या शाळेत लावली म्हणून लिहिते. क्षेम काही नाही.

आपल्या अंतोनची शार्लीन जानेवारीपासून माझ्याकडे राहते आहे. एक सुटकेस आणि डाव्या कानाने कमी ऐकू येतं ही तक्रार, एवढंच घेऊन आली. आपला भाऊ जिवंत असता तर जावयाची ही हिंमत झाली नसती, असं गावात सगळे म्हणतात. तो नाही म्हणून दुसऱ्या कुणी पुढे व्हायला हवं होतं, असं मात्र एकाच्याही तोंडून निघत नाही. डुएन ओर्साक पडला सगळ्यांचा लाडका. बियाण्यांचं दुकान, पॅरिशच्या नाचाला ॲकॉर्डियन वाजवणार, कुणाच्या कुरणाला आग लागली की पाण्याची गाडी घेऊन हाच पुढे. असा माणूस घरी बायकोला मारतो हे पटावं कुणाला? त्याची आई तर वेदीपुढे फुलं रचता रचता सांगते की सून आमची पहिल्यापासून वेंधळी, दारांवर आपटते.

शार्लीन काउंटीच्या गावी वृद्धाश्रमाच्या धुलाईघरात कामाला जाते. हल्ली तो तिला हात लावत नाही. नुसता मागे येतो. आश्रमासमोर पिकअप उभी करतो, ती सुटली की दार उघडून खाली उतरतो, कोटाच्या आत हात घालतो आणि हसतो. पेन शोधत असल्यासारखा. पण आत पेन नाही हे तिला ठाऊक आहे, मलाही ठाऊक आहे. जानेवारीपासून आपल्या राज्यात अंगावर झाकून पिस्तूल बाळगायचे परवाने द्यायला लागले, त्यातला पहिल्या खेपेचा एक ह्या दिवट्याने मिळवला आहे. दुकानात गिऱ्हाइकांना काढून दाखवतो. मी शेरीफच्या डेप्युटीकडे तक्रार केली तर तो म्हणाला, बाई, रस्त्यात उभं राहून हसणं हा गुन्हा नाही, आणि परवाना तर त्याच्याकडे आहे.

तेव्हा माझा निश्चय झाला आहे. पोरीला मी रोज नेईन, मी आणीन, आणि माझ्या एमिलचं पिस्तूल, जे तो गेल्यापासून कपाटात मोज्यांखाली पडून आहे, ते माझ्या पर्समध्ये असेल. पण रीतसर. परवान्याशिवाय गाडीत ठेवलं तर मलाच आत टाकतील, आणि मी आयुष्यभर सरकारी टपाल वाटलेली बाई आहे.

ऑस्टिनहून पात्रतेचे नियम मागवले. वय एकवीस पूर्ण हवं. हे वाचून मी स्वयंपाकघरात एकटीच हसले. राज्यात सहा महिने तरी राहिलेलं असावं. मोठ्या गुन्ह्यात शिक्षा झालेली नसावी, छोट्या गुन्ह्यात गेल्या पाच वर्षांत नसावी. दारूचं व्यसन नसावं. रविवारी मिस्सेनंतरच्या एका बिअरला व्यसन म्हटलं तर अख्खी पॅरिश बाद होईल. कर आणि पोटगी थकलेली नसावी, कोर्टाचा संरक्षणाचा आदेश डोक्यावर नसावा, डोकं ठिकाणावर असावं. वर्गाला बसायचं, नेम धरून दाखवायचा, बोटांचे ठसे द्यायचे. ह्यात मला न जमणारं काय आहे?

तू नाही म्हणणार हे मला माहीत आहे. नाही म्हणून झालं की प्रार्थनाही कर. तुझ्या मोतीबिंदूचं काय ठरलं ते कळव.

लोभ आहेच, रागाच्या पत्रातही तो धरून चालावा.
तुझी,
अल्बिना


सॅन अँटोनियो
२० फेब्रुवारी १९९६

चि. बिनास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आमच्या फाटकावरच्या सिस्टरने आणून दिलं आणि विचारलं की बहिणीची काही आनंदाची बातमी आहे का. मी म्हटलं, हो, ती पिस्तूल घेते आहे. बिचारी दुपारी जेवली नाही.

तुझे नियम वाचून मला माझाच प्रवेश आठवला. मठात घेण्याआधी मलाही हेच विचारलं होतं. वय पुरेसं आहे का, डोकं ठिकाणावर आहे का, कुणाचं देणं आहे का, मागे नवरा सोडून आलीस का. ऑस्टिनच्या साहेबांनी आमच्या मदरला विचारूनच हे लिहिलं असावं. फरक एवढाच की आम्हाला शेवटी जपमाळ देतात. तू त्या वर्षी माझ्या मागोमाग यायचा हट्ट धरला होतास. मदर अल्फोन्सा म्हणाल्या होत्या की धाकटीचं सगळं ठीक आहे, पण मौनाच्या तासाला तिचं काय करायचं?

बिना, चेष्टा बाजूला ठेवते. पर्समध्ये ते घेऊन तू गाडी चालवशील आणि तो समोर हसत उभा असेल. तू ते काढलंस तर पुढे काय? तो तरुण आहे. तुझ्या हातांना संधिवात आहे. आणि ते न काढताच बसायचं असेल तर मग घ्यायचं कशाला? तुला उत्तर सापडलं तर मला लिही, मला सापडलेलं नाही.

शार्लीन लहानपणी माझ्या पायांशी बसून झग्याच्या चुण्या मोजायची. तिला माझे आशीर्वाद सांग. जेवते का नीट? डॉक्टरांनी माझ्या डोळ्यांसाठी उन्हाळ्यातली तारीख दिली आहे. तोवर मोठ्या अक्षरात लिहीत जा.

प्रार्थनेत तुम्ही दोघी रोज आहात, मागितली नसतीत तरी असता.
तुझी,
व्लास्ता


स्लावकोव्ह
१८ मार्च १९९६

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मोठ्या अक्षरात लिहिते आहे, म्हणजे कागद जास्त लागणार आणि दोष तुझा.

वर्ग झाला. शिकवणारा माणूस निवृत्त वनरक्षक होता. सबंध सकाळ त्याने आम्हाला भांडण कसं टाळावं ते शिकवलं, कारण कायद्यातच तसं आहे: पिस्तूल द्यायच्या आधी माणसाला गोड बोलायला शिकवायचं. कुणी शिवी दिली तर ऐकली नाही असं दाखवा. कुणी रस्ता अडवला तर दुसऱ्या रस्त्याने जा. मी हात वर करून विचारलं की तो दुसऱ्या रस्त्यानेही मागे आला तर? म्हणाला, पोलीस ठाण्याकडे वळा. मी विचारलं, आणि ठाण्यातला डेप्युटी त्याच्याच पोल्का बँडमध्ये ढोल वाजवत असेल तर? वनरक्षकाने चष्मा पुसला आणि म्हणाला की हा भाग अभ्यासक्रमात नाही. बँकेचे मॅनेजर माझ्या शेजारी बसले होते, त्यांनी मला हळूच सांगितलं की बाई, जेवणाची सुट्टी जवळ आली आहे.

नेमबाजीत मात्र मी सगळ्यांची तोंडं बंद केली. एमिल रविवारी कुंपणावर डबे मांडून द्यायचा ते कामाला आलं. मॅनेजरसाहेबांच्या पुठ्ठ्यावर नेमकी मधलीच जागा कोरी राहिली होती. ठसे देताना तेवढा घोळ झाला. आयुष्यभर पाकिटं चाळून माझ्या बोटांवरच्या रेषाच गेल्या आहेत. डेप्युटी शाई लावतो, दाबतो, पुन्हा पुसतो. म्हणाला, मिसेस क्रेस्टा, तुम्ही चोरी केलीत तर आम्हाला पत्ता लागणार नाही. मी म्हटलं, तुम्हाला एरवी तरी चोरांचा कुठे लागतो?

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: मी ते काढणार नाही. पण माझ्याजवळ आहे हे त्याला कळेल. तो कोटात हात घालील तेव्हा मी पर्समध्ये घालीन. मग बघू कोण आधी हसायचं थांबतं.

शार्लीन बरी आहे. सूप पिते, ब्रेडला हात लावत नाही. मी कोलाचे, आपले सारणाचे गोड पाव, केले तर खसखशीचे बाजूला काढून आश्रमातल्या म्हाताऱ्यांना नेते. तो अजून येतो. आता माझ्या गाडीमागे येतो, एवढाच बदल.

अर्ज गेला. तुझ्या आशीर्वादाशिवाय गेला, पण टपालाने गेला, म्हणजे पोचेल.
तुझी,
अल्बिना


स्लावकोव्ह
३ जून १९९६

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आधी पाणी पिते, मग लिहिते.

मला नाकारलं. ऑस्टिनहून पत्र आलं की अर्जदार अपात्र आहे, कारण गेल्या जुलैत सार्वजनिक ठिकाणी गैरवर्तनाच्या गुन्ह्यात शिक्षा झाली आहे. पाच वर्षं अर्ज करता येणार नाही. पाच वर्षांनी मी बहात्तर वर्षांची असेन ताई, तेव्हा मला पिस्तूल नको, काठी लागेल.

तुला हे मी कळवलं नव्हतं, कारण कळवण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नव्हतं. गेल्या वर्षी पॅरिशच्या पिकनिकला बिंगोचे आकडे मी पुकारत होते. मंचावरून सगळं मैदान दिसतं. बिअरच्या तंबूमागे डुएनने शार्लीनचा दंड धरला होता आणि पिळत होता, तोंडाने मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला नमस्कार चालू. माझ्या हातात माइक होता. मी आकडा पुकारायचा सोडून त्याचं नाव पुकारलं. विचारलं की ओर्साकांच्या घरातली दारंच एवढी मारकुटी कशी, आणि ती घरातल्या एकाच माणसाला कशी लागतात. मग त्याला आणखी दोन शब्द वापरले, ते इथे लिहिणार नाही, मदर अल्फोन्सांनी शिकवलेले नव्हते. कर्णा थेट दफनभूमीपर्यंत ऐकू जातो. फादर हानाकांच्या हातातलं सॉसेज खाली पडलं. त्याने दंड सोडला, ताई! सगळ्या मैदानाने मान वळवली म्हणून सोडला.

दुसऱ्या दिवशी त्यानेच तक्रार दिली की बाईने चारचौघांत शिवीगाळ केली. चोराच्या उलट्या बोंबा. मला दंडाची चिठ्ठी आली. आता आपल्या गावाची रीत तुला ठाऊक आहे. न्यायाधीशांची कचेरी मारीच्या कॉफीच्या दुकानासमोर. तिथे कुणाची गाडी उभी दिसली की दुपारपर्यंत अख्ख्या गावात होतं, क्रेस्टांची गाडी कचेरीपुढे का? म्हणून आपल्याकडे कुणी आत जात नाही. चिठ्ठीवर सही करायची, दंड पाकिटात घालायचा, टपालात टाकायचा, मोकळं व्हायचं. मीही तेच केलं. शिवाय खाली टीप लिहिली की पैसे वसूल झाले.

ती सही म्हणजे गुन्हा कबूल, हे मला आता कळलं.

नकाराविरुद्ध गावच्याच न्यायाधीशांपुढे दाद मागता येते, म्हणून गेले. गाडी बरोब्बर दारात लावली. हाब्लिक न्यायाधीश म्हणजे आपल्या वेंडेलिन हाब्लिकचा मुलगा, ह्याला मी लहानपणी टपालाच्या गाडीतून पेपरमिंट द्यायचे. तो म्हणाला की अल्बिनामावशी, तू तेव्हा एकदा आत येऊन मला गोष्ट सांगितली असतीस तर मी चिठ्ठी फाडून टाकली असती. आता शिक्षा नोंदली गेली, कायद्यापुढे माझे हात बांधलेले आहेत. चांगला पोरगा आहे, डोळ्यांत पाणी होतं. उपयोग काय? बाहेर आले तर मारीच्या दुकानाच्या काचेमागे डुएन. कॉफीचा कप उचलून मला मान दिला.

म्हणजे असं झालं. जो मारतो त्याच्या नावावर काही नाही, तो पात्र. जी बोलली ती अपात्र. मठात आपल्याला न्यायाच्या गोष्टी शिकवल्या त्या कुठल्या देशातल्या होत्या?

पिस्तूल आता गाडीत माझ्या सीटखाली आहे, कोलाचेच्या खोक्याखाली. उपदेश करायचा नाही.

तुझी संतापलेली,
अल्बिना


सॅन अँटोनियो
८ जून १९९६

चि. बिनास,
आशीर्वाद.

उपदेश नाही. हुकूम आहे. आजच्या आज ते गाडीतून काढ. तुला डेप्युटीने अडवलं तर तू तुरुंगात जाशील, आणि मग शार्लीनला कामावर कोण नेईल? तो नेईल.

तुझी सगळी पत्रं मी काल भिंगाखाली धरून पुन्हा वाचली. त्यात तू काय म्हणालीस ते आहे, डुएन काय म्हणाला, वनरक्षक, मॅनेजर, वेंडेलिनचा मुलगा, सगळे काय म्हणाले ते आहे. शार्लीन एका पत्रातही तोंड उघडत नाही. ती सूप पिते एवढंच मला कळलं. तिला काय हवं आहे, बिना?

आणि तू मला पाठवलेल्या त्या नियमांत शेवटी शेवटी एक आहे, ज्याच्यावर कोर्टाचा संरक्षणाचा आदेश असेल तो अपात्र. तू स्वतःला तपासताना ते वाचलंस आणि पुढे गेलीस, कारण ते तुला लागू नव्हतं. ते कुणाला लागू व्हायला हवं? आणि अजून का झालेलं नाही? तू तिला काउंटीच्या गावी रोज गाडीतून नेतेस, पण तिथल्या कोर्टाच्या दारात ती कधी उतरली आहे का?

त्याच्या हातातून पिस्तूल काढायचं सोडून तू ते स्वतःच्या हातात घ्यायला निघालीस. साप एकीकडे, आणि धोपटते आहेस भुई.

सोबत शार्लीनसाठी वेगळं पाकीट आहे, डिंकाने नीट चिकटवलेलं. जन्मभर टपाल वाटलेल्या बाईने ते उघडू नये.

रागावलीस तरी चालेल, लिहायचं थांबू नकोस.
तुझी,
व्लास्ता


स्लावकोव्ह
१९ जून १९९६

ती. मोठ्या आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पाकीट मिळालं. बिनाआत्याने ते उघडलं नव्हतं, पण उजेडासमोर धरलं होतं, मी पाहिलं.

तुम्ही विचारलंत की मला काय हवं आहे. मी चार वेळा उत्तर लिहायला बसले आणि कागद फाडले, म्हणून उशीर झाला. ते उत्तर अजून नीट येत नाही. काय केलं ते सांगते.

पिस्तूल मी काढलं. बिनाआत्या कोंबड्यांना दाणे घालत होती, तेवढ्यात. सॉसेजला धुरी देतो त्या खोलीत ठेवून कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या गळ्यातल्या साखळीत घातली. आत्या खूप बोलली. मी म्हटलं, तुला आत टाकलं तर मी एकटी पडेन, आणि मला एकटं पडायचं नाही.  त्या रात्री तिने बटाटे जाळले.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी कोर्टाकडे गेले. आश्रमातल्या एलोइसची गाडी मागून घेतली. चौकाला नुसत्या चकरा मारत राहिले, आत्या, कारण डुएनची आई सुपर मार्केटपुढे उभी होती आणि तिला गाडी दिसेल असं वाटत होतं. माझ्या लग्नात तिने मला सांगितलं होतं की आमच्या घरातल्या कुणाचीही गाडी आजवर कोर्टापुढे उभी राहिलेली नाही. मी मागच्या गल्लीत लावणार होते. मग वाटलं, तिला दिसायचीच असेल तर नीट दिसू दे. पुढच्याच झाडाखाली लावली. तिने पाहिलं. मी हात केला. मग आत गेले.

सरकारी वकील बाई आहेत, माझ्याच वयाच्या. त्यांनी विचारलं की कधीपासून. मी सांगितलं की लग्नाला अकरा वर्षं झाली आहेत. त्यांनी पुन्हा विचारलं की मार कधीपासून. मी म्हटलं, तेच सांगितलं. मग त्यांनी दार लावलं आणि मला कॉफी दिली. कानाचे डॉक्टरांचे कागद मागवले आहेत. तात्पुरता आदेश लगेच निघाला, आणि दोन जुलैला इथल्या मोठ्या कोर्टाच्या न्यायाधीशांपुढे सुनावणी आहे. डुएनने काउंटीतला सगळ्यात महाग वकील केला आहे.

मला भीती एकच वाटते. घरी तो ओरडायला लागला की माझा आवाज जायचा. ओठ हलायचे, आवाज यायचा नाही. तिथे तसंच झालं तर? बिनाआत्या म्हणते, काळजी नको, मी बोलेन. त्याचीच जास्त भीती आहे.

तुमचं डोळ्याचं ऑपरेशन त्याच आठवड्यात आहे म्हणजे तुम्हाला येता येणार नाही. सुनावणी सकाळी आहे, प्रार्थनेच्या वेळी तेवढं लक्षात असू द्या.

मुलीवर माया आहेच, ती अशीच राहू द्या.
तुमची,
शार्लीन


स्लावकोव्ह
८ जुलै १९९६

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे तुला कुणाकडून तरी वाचून घ्यावं लागणार. जी कुणी वाचत असेल त्या सिस्टरने मोठ्याने वाचावं आणि शब्द गाळू नयेत.

कोर्टात माझ्यावर काय बेतलं ते ऐक. सरकारी वकील बाईंनी आधीच बजावलं होतं की मिसेस क्रेस्टा, तुम्ही मागच्या बाकावर बसायचं आणि तोंडातून शब्द काढायचा नाही. तुमच्या नावावर शिक्षा आहे, समोरचा वकील तुम्हाला भडकवणार, आणि तुम्ही भडकलात की म्हणणार, बघा, हे सगळं ह्या भांडखोर म्हातारीने रचलेलं आहे. मी विचारलं की मान हलवली तर चालेल का. म्हणाल्या, नको.

आणि अगदी तसंच केलं त्या माणसाने. माझे पिकनिकचे शब्द कागदावरून वाचले, ते दोनही, नीट उच्चार करून. लोक हसले. मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला की अशा बाईच्या घरात राहून ह्या साध्या मुलीच्या डोक्यात काय काय भरलं गेलं असेल? ताई, मी हातमोजा चावला. पांढरा, ईस्टरचा. त्याला आता दातांची भोकं आहेत. फादर हानाक माझ्या शेजारी होते, ते हळूच म्हणाले की अल्बिना, श्वास तरी घे.

डुएनने साक्ष दिली. रडलासुद्धा. त्याची आई पुढच्या बाकावर जपमाळ ओढत होती.

मग शार्लीनला बोलावलं. ती उभी राहिली आणि ओठ हलले, आवाज नाही. न्यायाधीश म्हणाले, मोठ्याने बोला. पुन्हा तेच. समोरचा वकील घड्याळाकडे बघायला लागला. मी उठणारच होते, खरंच सांगते, माझे गुडघे अर्धे सरळ झाले होते. तिने मागे वळून माझ्याकडे पाहिलं आणि हाताने खूण केली, बस. आपल्या कोंबडीला करावी तशी. मी बसले.

आणि ती बोलली. आधी कानाचं सांगितलं, मग बरगडीचं, मग मागच्या नाताळचं. रडली नाही. वकिलाने विचारलं की दारावर आपटली नाहीस कशावरून, तर म्हणाली की दार मारल्यावर माफी मागत नाही, आणि दुसऱ्या दिवशी फुलं आणत नाही. तेव्हा कुणी हसलं नाही. मग न्यायाधीशांनी विचारलं की तुला नक्की काय हवं आहे.  ती म्हणाली, मला कामावर जायचं आहे आणि परत यायचं आहे.

एवढंच म्हणाली, ताई. मी सहा महिने तिच्यासाठी आकाशपाताळ एक केलं आणि हे वाक्य मला कधी सुचलं नाही.

आदेश मिळाला. वर्षभर तिच्या घराच्या, कामाच्या आसपास फिरकायचं नाही. न्यायाधीशांनी त्याला तिथल्या तिथे परवाना काढून द्यायला सांगितलं, कारण ज्याच्यावर असा आदेश तो अपात्र. तो म्हणाला की पाकीट गाडीत राहिलं आहे. न्यायाधीश म्हणाले, डेप्युटी तुमच्याबरोबर गाडीपर्यंत येईल, पिस्तूलही त्याच्याकडे द्या. तोच डेप्युटी, ढोलवाला. खाली मान घालून गेला, पण गेला.

त्याच्या आईने रविवारी शांतीचं अभिवादन करताना माझा हात घेतला नाही. शार्लीनचा मात्र घेतला. का ते मला अजून कळलेलं नाही.

तुझ्या पट्टीमागून आम्हाला आशीर्वाद दे.
तुझी गप्प बसलेली,
अल्बिना


सॅन अँटोनियो
२२ जुलै १९९६

चि. बिनास,
आशीर्वाद.

ह्या ओळी माझ्याच अक्षरातल्या आहेत. एका डोळ्याची पट्टी निघाली. तुझं पत्र आमच्या तरुण सिस्टर इमॅक्युलाटाने वाचलं. दोन शब्दांपाशी अडली, पण ते पत्रात नव्हतेच असं कळल्यावर हिरमुसली.

तू कोर्टात गप्प बसलीस हे मी जेवणघरात सगळ्यांना सांगितलं. मदर अल्फोन्सांना ओळखणाऱ्या आम्ही दोघीच उरलो आहोत. दुसरी म्हणाली, हे रोमला कळवायला हवं.

आदेश म्हणजे कागद आहे, बिना, हे मलाही कळतं. तो आला तर शार्लीनने काय करायचं ते तिच्याशी बोलून ठेव. तिच्याशी, तिच्यासाठी नाही.

कुशल कळवत राहा, कडू असलं तरी.
तुझी,
व्लास्ता


स्लावकोव्ह
१४ सप्टेंबर १९९६

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तो आला. ऑगस्टच्या शेवटी, आश्रमाच्या मागच्या दाराशी, जिथे धुलाईच्या गाड्या लागतात. फुलं घेऊन. शार्लीन ओल्या चादरी बाहेर काढत होती. तिने चादरी खाली ठेवल्या, आत जाऊन दार लावलं आणि शेरीफच्या कचेरीत फोन केला. आदेशाचा क्रमांक तिला पाठ होता. तिकडून विचारलं की तो काही करतो आहे का. ती म्हणाली, उभा आहे, आणि उभं राहायला त्याला मनाई आहे, गाडी पाठवा. मला फोन केला नाही! मला संध्याकाळी कळलं, तेही सूप वाढताना, मीठ मागावं तसं सांगितलं. मी विचारलं की मला का नाही बोलावलंस, तर म्हणाली, आत्या, तू गाडी फार जोरात हाकतेस.

त्याला तिथेच धरलं. आदेश मोडल्याबद्दल शिक्षा झाली, आता पिस्तुलाचा परवाना त्यालाही पाच वर्षं नाही. ऑस्टिनच्या दप्तरात आमची दोघांची नावं एकाच यादीत असतील ह्याचा मला भयंकर संताप येतो. दुकान त्याचा भाऊ चालवतो आहे. ॲकॉर्डियनला हॅलेट्सव्हिलचा कुणी माणूस आणला, बरा वाजवतो.

आता मुख्य गोष्ट. मी ऑस्टिनहून पुन्हा नियम मागवले, शार्लीनसाठी. एकेक कलम तिला वाचून दाखवलं. वय, वास्तव्य, शिक्षा नाही, व्यसन नाही, थकबाकी नाही. तिच्याइतकी पात्र बाई ह्या काउंटीत दुसरी नसेल. मी अर्जातल्या रिकाम्या जागा पेन्सिलने भरूनही ठेवल्या होत्या, तिने फक्त सही करायची. तिने खोडरबर घेतलं आणि सगळं पुसलं. मला वाटलं, नाही म्हणते आहे. तू जिंकलीस असं मी मनात म्हटलंसुद्धा. पण मग तिने पेन घेतलं आणि तेच सगळं स्वतःच्या अक्षरात लिहिलं, सावकाश, मी सांगितलेलं एक चुकीचं होतं ते दुरुस्त करून. परवाना आला तरी पिस्तूल बाळगेन की नाही ते अजून ठरवलेलं नाही म्हणाली. ठरवेन तेव्हा सांगेन. मी तोंड उघडलं, आणि ताई, मिटलं. तुझ्या रोमला कळव.

आज शनिवार, वनरक्षकाचा वर्ग आहे. सकाळी तिने धुरीच्या खोलीचं कुलूप स्वतः काढलं, एमिलचं पिस्तूल रिकामं आहे ना ते दोनदा पाहिलं, डब्यात घालून गाडीच्या मागच्या कप्प्यात ठेवलं. नियमाप्रमाणे. मी तोवर टोपी घालून, पर्स घेऊन, पायरीवर उभी होते. तिने माझ्याकडून किल्ल्या घेतल्या. जेवायला चार वाजतील म्हणाली, कोंबड्यांचं पाणी बदल म्हणाली, आणि गाडी सुरू केली. ये म्हणाली नाही.

फाटकापाशी थांबली, उजवी-डावीकडे पाहिलं. रस्त्यावर कुणी नव्हतं. मग वळून गेली. मी बराच वेळ धुळीकडे बघत उभी होते. सबंध वर्षात पहिल्यांदाच माझ्याकडे कुणाला कुठे न्यायचं काम नाही, म्हणून हे पत्र इतकं लांबलं. कोंबड्यांचं पाणी अजून बदलायचं आहे, तेव्हा पुरे करते.

दोन्ही डोळ्यांनी वाच, आणि आम्हा दोघींना वेगवेगळी पत्रं लिहीत जा. ती आता माझी पत्रं वाचत नाही, आणि मी तिची उजेडासमोर धरत नाही.
तुझी,
अल्बिना